मंडळाची घटना, सभा आणि चेंज रिपोर्ट: खान्देशातील नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

गिरणाकाठच्या एका तालुक्याच्या गावात आमचे मंडळ स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवते, उन्हाळ्यात बसस्थानकाबाहेर पाणपोई लावते आणि वर्षातून दोन वेळा रक्तदान शिबिर घेते. या मंडळाचा सचिव म्हणून मी नऊ वर्षे काम पाहिले. सहाव्या वर्षी आमच्या अध्यक्षांचे निधन झाले आणि त्याच सुमारास कोषाध्यक्ष कामधंद्यासाठी सुरतेला गेले. आम्ही सभा घेतली, नवे पदाधिकारी एकमताने निवडले, त्यांचा सत्कार केला आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. महिनाभराने सह्या बदलण्याचा अर्ज घेऊन बँकेत गेलो, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी एवढेच विचारले, "परिशिष्ट एकचा उतारा आणला आहे का?" तो उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या आमच्या नोंदीची नक्कल, काढल्यावर समजले की त्या कार्यालयाच्या दफ्तरी अजून आमचे पहिलेच कार्यकारी मंडळ होते, मधल्या निवडणुकीची नोंदही आम्ही कधी करून घेतली नव्हती. पुढचे अकरा महिने खात्यातला एक रुपयाही काढता आला नाही. अभ्यासिकेचे भाडे आणि वीजबिल सात-आठ सभासदांनी आपापल्या खिशातून भरले. कोणी पैसे खाल्ले नव्हते, कोणाचे भांडण नव्हते आणि बँकेचीही चूक नव्हती. कागद मागे राहिला होता.

नव्याने मंडळ सुरू करणाऱ्यांवर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेख लिहीत आहे. मंडळाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला होता, असा प्रश्न जेव्हा बँकेत, धर्मादाय कार्यालयात किंवा गावातल्या पारावर उभा राहतो, तेव्हा त्याचे उत्तर तीन गोष्टींवरून ठरते: त्या दिवशी सभासद कोण होते, त्यांना सभेची नोटीस मिळाली होती का, आणि सभेत जे ठरले ते कुठे लिहिले आहे. खालची प्रत्येक पायरी फिरून या तीन प्रश्नांपाशीच येते.

१. नोंदणी खरोखर हवी आहे का, ते आधी ठरवा

एखादा उत्सव किंवा एका उन्हाळ्यातले नाल्याचा गाळ काढण्याचे काम, एवढ्यासाठीच माणसे एकत्र येत असतील, तर कायमची संस्था नोंदवण्याची गरज नाही. लोकांकडून वर्गणी गोळा करायची असल्यास धर्मादाय कार्यालयाकडून त्या कामापुरती तात्पुरती परवानगी घेता येते. गणेश मंडळे दरवर्षी घेतात ती हीच. काम झाल्यावर तिचा जमाखर्च मात्र सादर करावा लागतो.

तुम्ही दरवर्षी देणग्या घेणार असाल, मंडळाच्या नावाने बँक खाते हवे असेल, किंवा जागा भाड्याने घेऊन तिथे कायमचा उपक्रम चालवणार असाल, तर नोंदणी करा. मात्र नोंदणीबरोबर दरवर्षीची कामे येतात हे पहिल्याच बैठकीत सर्वांना सांगा. वार्षिक सभा, हिशेब तपासणी, कार्यकारी मंडळाची यादी आणि बदलांची नोंद ही कामे अंगावर घेणारी दोन माणसे तुमच्यात नसतील, तर वर्षभर अनौपचारिकपणे काम करून पाहणे मला अधिक योग्य वाटते.

२. दोन कायदे समजून घ्या

महाराष्ट्रात स्वयंसेवी मंडळाचा संबंध साधारणपणे दोन कायद्यांशी येतो. पहिला संस्था नोंदणी अधिनियम, १८६०. या कायद्याखाली किमान सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. दुसरा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य अशा धर्मादाय उद्दिष्टांसाठी नोंदवलेली संस्था ही या दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक न्यासही (ट्रस्ट) ठरते, आणि स्थापनेपासून तीन महिन्यांच्या आत न्यास नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. अशा संस्थांच्या न्यास क्रमांकाआधी 'एफ' हे अक्षर असते.

पहिले प्रमाणपत्र हातात आले की पुष्कळ मंडळे ते फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि दुसरा अर्ज विसरतात. दोन्ही कामे धर्मादाय कार्यालयातच होतात, त्यामुळे कागदांची तयारी एकदमच करून ठेवा. जुन्या, बंद पडलेल्या संस्थेत नव्याने जीव भरायचा असेल आणि ती नंदुरबार, शहादा किंवा तळोदा भागातली असेल, तर तिची मूळ नोंद धुळ्याची असू शकते हे लक्षात असू द्या, कारण नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

३. सात माणसे विचारपूर्वक निवडा

कायद्याला सात सह्या पुरतात, पण मंडळाला त्या सह्यांमागची माणसे लागतात. एकाच घरातले तिघे-चौघे घेऊ नका. घरातला वाद मंडळात येतो आणि देणगीदारालाही ते खटकते. सातांपैकी किमान चौघे गावात कायम राहणारे असावेत. आपल्याकडे कामानिमित्त सुरत, नाशिक, पुण्याकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि बाहेरगावी राहणाऱ्या सभासदाची कितीही आस्था असली तरी चेकवर सही करण्यासाठी तो ऐनवेळी सापडत नाही.

महिलांना कार्यकारी मंडळात घ्या, आणि नावापुरते घेऊ नका. आमच्या अभ्यासिकेत निम्म्या मुली होत्या, पण पहिली चार वर्षे कार्यकारी मंडळात एकही महिला नव्हती. त्या चार वर्षांत स्वच्छतागृहाच्या दाराची कडी मोडलेली आहे आणि रात्री आठनंतर बोळातला दिवा बंद असतो, या दोन गोष्टी एकाही बैठकीच्या विषयपत्रिकेवर आल्या नाहीत. नंतर निवडून आलेल्या एका शिक्षिकाताईंनी पहिल्याच बैठकीत त्या मांडल्या आणि आठवड्याभरात दोन्ही कामे झाली.

४. घटना स्वतः लिहा

घटना म्हणजे मंडळाची नियमावली. संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा कागद हा आहे, आणि बहुतेक मंडळे तो झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तयार नमुन्यावरून एका संध्याकाळी उतरवून घेतात. आमची घटना एका शिक्षण संस्थेच्या घटनेवरून उतरवली होती. त्यात "मुख्याध्यापक हे कार्यकारी मंडळाचे पदसिद्ध सदस्य राहतील" असे कलम तसेच राहून गेले. आमची शाळा नव्हती आणि मुख्याध्यापकही नव्हते. पण पुढे एका नाराज सभासदाने लेखी हरकत घेतली की कार्यकारी मंडळ घटनेप्रमाणे पूर्णच नाही, म्हणून त्याचे ठराव ग्राह्य धरू नयेत. ते कलम काढायला आम्हाला वर्ष लागले.

नियम कसे असावेत हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली फड पद्धत आहे. बंधाऱ्यावरून पाटाने आलेले पाणी ज्या शिवाराला मिळते, त्याचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले असतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाणी पाटकरी देणार, शेतकऱ्याने स्वतः बारे, म्हणजे पाटातून शेतात पाणी घेण्याचे तोंड, फोडायचे नाही. पाटाच्या दुरुस्तीचा भार सगळ्यांनी वाटून घ्यायचा. आणि पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे ते आधी ठरवायचे. या नियमांत सदिच्छेचे एकही वाक्य नाही. कोण करणार, कोणी करायचे नाही, खर्च कसा वाटायचा आणि टंचाईत काय करायचे, एवढेच त्यांत आहे. तुमच्या घटनेतले प्रत्येक कलम या कसोटीवर तपासून पाहा. "सभासदांनी परस्पर सहकार्याने वागावे" या वाक्याचा वाद झाल्यावर उपयोग होत नाही. "वार्षिक वर्गणी ३० जूनपर्यंत भरावी, न भरल्यास सचिवाने लेखी आठवण द्यावी" या वाक्याचा होतो.

पुढील मुद्दे घटनेत स्पष्ट शब्दांत लिहिलेच पाहिजेत.

सभासदत्व. सभासद कोण होऊ शकतो, अर्ज कोण मंजूर करतो, किती दिवसांत करतो आणि नाकारल्यास दाद कुठे मागायची, ते लिहा. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मतदानाचा हक्क नाही आणि त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही, असे १८६० च्या कायद्यातच आहे. त्यामुळे वर्गणीची तारीख ठरलेली नसेल, तर मतदार कोण हेही ठरत नाही. निवडणुकीच्या तोंडावर कोणीतरी चाळीस जणांची वर्गणी एकहाती भरून चाळीस नवे सभासद आणतो, हा प्रकार खेड्यापाड्यांतल्या मंडळांना नवा नाही. निवडणुकीच्या किमान ९० दिवस आधी झालेल्या सभासदालाच मत देता येईल, असे एक कलम घातले की ही वाट बंद होते.

सभा आणि नोटीस. सर्वसाधारण सभेसाठी किती दिवस आधी नोटीस, कार्यकारी मंडळाच्या बैठकीसाठी किती, आणि ती कशी पोहोचवायची, ते लिहा. आम्ही अनुक्रमे १५ आणि ७ दिवस ठेवले आहेत. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस चालावी असे वाटत असेल, तर तसे घटनेत नमूद करा, आणि तरीही नोटीस वहीवर सह्या घेण्याची किंवा टपालाच्या पावत्या ठेवण्याची पद्धत सोडू नका. सचिवाने सभा बोलावलीच नाही तर काय, याचेही उत्तर हवे. ठरावीक संख्येच्या सभासदांनी लेखी मागणी केल्यास अमुक दिवसांत सभा घेणे बंधनकारक राहील, हे कलम लहान मंडळात फार उपयोगी पडते.

गणपूर्ती. कोरम इतका मोठा ठेवू नका की सभा कधीच भरणार नाही, आणि इतका लहान ठेवू नका की पाच जण बसून सगळे ठरवतील. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेता येते, अशी तरतूद बहुतेक घटनांत असते. ती तुमच्या घटनेत नसेल तर अशी सभा घेऊ नका, आणि असली तरी तहकूब सभेत नोटिशीबाहेरचा विषय घेऊ नका.

मुदत आणि रिकामे पद. कार्यकारी मंडळाची मुदत तीन किंवा पाच वर्षे ठेवतात. मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही तर काय, हे बहुसंख्य घटनांत लिहिलेले नसते. नवे मंडळ येईपर्यंत जुने मंडळ फक्त दैनंदिन काम पाहील आणि अमुक महिन्यांत निवडणूक घेईल, असे लिहून टाका. मृत्यू, राजीनामा किंवा स्थलांतराने पद रिकामे झाल्यास ते कोण आणि किती काळासाठी भरणार, तेही लिहा. आमची घटना या दोन्ही बाबतींत मुकी होती.

हितसंबंध. मांडव, छपाई, जेवण, बांधकाम यांचे काम कार्यकारी मंडळातल्या कोणाच्या भावाकडे किंवा मेहुण्याकडे जाऊ नये असे नाही; लहान गावात एकच मांडववाला असतो. पण त्या सदस्याने नाते आधी सांगावे, त्या विषयापुरते बैठकीतून बाहेर बसावे, आणि ही गोष्ट इतिवृत्तात यावी. ठरावीक रकमेपुढच्या खरेदीसाठी तीन कोटेशन घ्यावीत.

दुरुस्ती आणि विसर्जन. संस्थेची उद्दिष्टे बदलायची किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचे असेल, तर कायद्याची रीत कडक आहे: प्रस्ताव सभेच्या दहा दिवस आधी सर्व सभासदांना लेखी द्यायचा, विशेष सभेत तीन पंचमांश सभासदांची मते हवीत, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन उपस्थितांच्या तीन पंचमांश मतांनी तो कायम करायचा. संस्था बंद झाली तर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेलाच द्यावी लागते. "बंद पडले तर खुर्च्या आपण वाटून घेऊ" असे मी एका बैठकीत ऐकले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

५. नोंदणीसाठी लागणारे कागद

कार्यालयाच्या संकेतस्थळावरून चालू नमुने आणि शुल्क पाहून घ्या आणि पुढील कागदांचा संच तयार ठेवा.

- संस्थेच्या नावाचे दोन-तीन पर्याय. शासकीय संस्था असल्याचा भास होईल असे नाव टाळा
- संस्थेचे नाव, उद्दिष्टे आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावे, पत्ते व व्यवसाय असलेले ज्ञापन (मेमोरँडम), किमान सात जणांच्या सह्यांसह
- नियमावली म्हणजेच घटना, प्रत्येक पानावर सह्या केलेली
- सर्व सदस्यांची संमतीपत्रे
- कागदपत्रे सादर करण्यासाठी एका व्यक्तीला दिलेले अधिकारपत्र
- अध्यक्ष किंवा सचिवाचे प्रतिज्ञापत्र
- कार्यालयाच्या जागेसाठी मालकाची ना-हरकत आणि घरपट्टीची पावती किंवा वीजबिल
- सर्वांचे आधार, पॅन आणि छायाचित्रे
- स्थापना सभेच्या इतिवृत्ताची प्रत

आधार कार्डावरचे नाव आणि ज्ञापनातले नाव अक्षरशः एकच ठेवा. आपल्याकडे एकच माणूस कागदावर 'भाऊराव', घरी 'बापू' आणि मतदार यादीत 'भाऊ' असतो, आणि त्या एका नावासाठी पूर्ण संच परत येतो.

प्रमाणपत्रे मिळाल्यावर संस्थेच्या नावाने पॅन काढा आणि मगच बँक खाते उघडा. देणगीदारांना आयकरात सवलत हवी असेल तर आयकर विभागाकडे वेगळी नोंदणी लागते. ती नसताना पावतीवर तसा उल्लेख छापू नका. परदेशातून देणगी घेण्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र परवानगी लागते. परदेशात गेलेला गावचा मुलगा आपलाच असला तरी त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर त्याची देणगी या नियमाखाली येते.

६. प्रोसिडिंग बुक नीट लिहा

वही बांधीव घ्या, पानांवर क्रमांक टाका आणि सुट्या कागदावर लिहून नंतर चिकटवू नका. प्रत्येक सभेसाठी तारीख, वेळ, ठिकाण, अध्यक्षस्थानी कोण, उपस्थितांच्या सह्या, रजेचे अर्ज, विषय, ठराव, सूचक, अनुमोदक आणि मतांची संख्या एवढे यावे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा दर सभेचा पहिला विषय असतो, आणि तो उरकून टाकायचा विषय नाही.

आमच्या जुन्या वहीत एक ठराव असा आहे: "अभ्यासिकेसाठी खुर्च्या घेण्याबाबत चर्चा झाली. सर्वांनी मान्यता दिली." किती खुर्च्या, कोणाकडून, किती रुपयांत, कोणी आणायच्या, हे त्यात काहीच नाही. चार वर्षांनी हिशेबावर प्रश्न आला तेव्हा तो ठराव पुरावा म्हणून उपयोगी पडला नाही. तोच ठराव असा लिहायला हवा होता: "अभ्यासिकेसाठी ३० प्लास्टिक खुर्च्या घेण्याचे ठरले. आलेल्या तीन कोटेशनपैकी सर्वांत कमी दराचे मंजूर करण्यात आले. कमाल खर्च १८,००० रुपये. खरेदीची जबाबदारी सहसचिवांकडे. बिल पुढील बैठकीत सादर करावे. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर." लिहायला दोन मिनिटे जास्त लागतात.

विरोधी मत असेल तर तेही लिहा. विरोध करणाऱ्याचे म्हणणे वहीत आले की तो पुष्कळदा निर्णय मान्य करून कामाला लागतो. ते गाळले की तोच माणूस कार्यालयात हरकत घेऊन जातो. आणि सभा न घेता घरोघरी वही फिरवून सह्या घेण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्या वाटेला जाऊ नका.

७. वर्षाचे वेळापत्रक आपल्या हंगामाशी जुळवा

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि तपासलेले हिशेब सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत सादर व्हावे लागतात. वार्षिक सभा या दोन तारखांच्या मध्ये बसते, पण कोणत्या दिवशी हा प्रश्न खान्देशात फार महत्त्वाचा आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि गाव भरलेले असते, पण तोवर हिशेब तपासून झालेले नसतात. जूनमध्ये सगळे पेरणीत. दिवाळीनंतर कापूस वेचणी, आणि तोवर मुदतही टळलेली असते.

आम्ही बरीच वर्षे चुकत-माकत शेवटी कानबाई देवीच्या उत्सवाच्या आठवड्यावर आलो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन होते, आणि रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, सुरत-नाशिकची भाऊबंदकी गावात परतलेली असते. रविवारी कोणालाच वेळ नसतो, म्हणून आदल्या शनिवारी संध्याकाळी सभा. पूर्वी बावीस-तेवीस सभासद येत. आता साठच्या आसपास येतात आणि कोरमची चिंता राहिलेली नाही. तुमच्या गावाची जत्रा वेगळ्या वेळी असेल तर तुमचा दिवस वेगळा येईल.

सभेत हिशेब मंजूर करा, पुढच्या वर्षाचा हिशेब तपासनीस नेमा आणि अंदाजपत्रक मांडा. सभेनंतर चौदाव्या दिवसापर्यंत कार्यकारी मंडळाची यादी संस्था निबंधकांकडे द्यायची असते. सदस्य तेच असले तरी ती द्यायची असते, आणि हेच बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

८. पैशाचे नियम

खात्यावर दोन सह्यांची अट ठेवा आणि कोरे चेक सही करून ठेवू नका. कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, रोजच्या रोज लिहा. हाताशी ठेवायच्या रोख रकमेला मर्यादा घाला. पावती पुस्तकांची स्वतंत्र नोंदवही ठेवा: कोणत्या क्रमांकाचे पुस्तक कोणाला, कोणत्या तारखेला दिले आणि कधी परत आले. एका शिबिरानंतर आमची दोन पुस्तके परत आली नाहीत. ती पुढे एका सदस्याच्या दुचाकीच्या डिकीत सापडली, एकही पावती न फाडलेली. पण मधल्या तीन आठवड्यांत त्या सदस्याविषयी गावात जे बोलले गेले, ते त्याने फार मनाला लावून घेतले. साध्या नोंदवहीने ते टळले असते.

हिशेब फक्त सभासदांसाठी नसतो. अभ्यासिकेसाठी भाजीबाजारातल्या एका आजींनी ५१ रुपये दिले होते, आणि सहा महिन्यांनी त्यांनी मला थांबवून विचारले, "भाऊ, मन्हा पैसा कोठे लागनात?" मी त्यांना अभ्यासिकेत नेले आणि फलकावर लावलेला जमाखर्च वाचून दाखवला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एक पानी जमाखर्च दारावर लावतो. त्यात रकमा मोठ्या अक्षरांत असतात, आणि शेवटी शिल्लक.

संस्थेच्या नावे जमीन किंवा इमारत असेल, तर ती विकण्यापूर्वी किंवा दीर्घ मुदतीच्या भाड्याने देण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव केला तरी ती अट सुटत नाही.

९. चेंज रिपोर्ट वेळेत द्या

ज्यामुळे आमचे अकरा महिने गेले ते हे काम. विश्वस्त किंवा कार्यकारी मंडळातील सदस्य, पत्ता, मालमत्ता यांपैकी परिशिष्ट एकमध्ये नोंदलेल्या कोणत्याही गोष्टीत बदल झाला, तर १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवायचा असतो. त्यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. सभेत निवड होणे आणि दफ्तरी नोंद होणे यांत फरक आहे, हे आमच्यासारखे बरेच जण बँकेच्या काउंटरवर शिकतात.

अर्जासोबत साधारणपणे हे लागते: सभेची नोटीस आणि ती पोहोचल्याचा पुरावा, उपस्थितांच्या सह्या, ठरावाची प्रत, नव्या सदस्यांची संमतीपत्रे, जाणाऱ्यांचे राजीनामे किंवा ना-हरकत, निधन झाले असल्यास मृत्यू दाखला, घटनेची प्रत आणि परिशिष्ट एकचा चालू उतारा. उशीर झाला असेल तर कारणांसह विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो.

आमचा पहिला चेंज रिपोर्ट पाच वर्षांपूर्वीच्या निवडणुकीचा होता आणि त्या सभेच्या नोटिशीवरच्या सह्या आम्हाला सापडेनात. शेवटी एका माजी सदस्याच्या कपाटात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात, ती वही मिळाली. मधला बदल मंजूर झाल्याशिवाय पुढचा मंजूर होण्यात अडचण येते, म्हणून एक जरी राहिला तरी साखळी तुटते. नव्या निवडीच्या सभेतच, अर्ज कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत दाखल करील, असा ठराव करा, आणि अर्जाची पोच मिळाल्याशिवाय सत्काराचा कार्यक्रम ठेवू नका.

१०. तक्रारी आणि शिस्तभंग

एखाद्याला काढून टाकायची वेळ आली, तर त्याच्यावरचे आरोप लेखी द्या, उत्तरासाठी मुदत द्या, त्याचे म्हणणे समोरासमोर ऐका आणि मगच, विषयपत्रिकेवर तो विषय असलेल्या बैठकीत, कारणांसह ठराव करा. ग्रुपमधून काढले म्हणजे सभासदत्व गेले, असे होत नाही. ज्याने तक्रार केली आहे त्यानेच निर्णयात भाग घेऊ नये.

महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्वयंसेवी संस्थांनाही लागू आहे, आणि विनावेतन स्वेच्छेने काम करणाऱ्या महिलांनाही त्याचे संरक्षण आहे. जिथे दहा किंवा अधिक जण काम करतात तिथे अंतर्गत तक्रार समिती नेमणे बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी असाल तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीचा पत्ता अभ्यासिकेच्या फलकावर लावा. हा विषय निघाला की "आपल्याकडे असे काही होत नाही" असे कोणीतरी म्हणतेच; तरीही समिती नेमा.

११. पद सोडताना

सचिवपद सोडताना मी दोन प्रतींत यादी केली: दोन्ही मूळ प्रमाणपत्रे, घटनेची प्रमाणित प्रत, प्रोसिडिंग बुके क्रमांक १ ते ४, नोटीस वही, सभासद नोंदवही, नऊ वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, चेंज रिपोर्टच्या पोचपावत्या, पावती पुस्तकांची नोंदवही, संस्थेचे पॅन, शिक्के, संकेतस्थळावरील लॉगिनची माहिती आणि कपाटाच्या दोन किल्ल्या. नव्या सचिवताईंनी एकेक वस्तू पाहून तिच्यापुढे खूण केली, शेवटी दोघांनी सह्या केल्या, आणि अध्यक्षांनी साक्षीदार म्हणून तारीख घातली. एक प्रत त्यांच्या फाईलला आहे, दुसरी माझ्याकडे. तुमच्या मंडळातही पदाधिकारी बदलतील त्या दिवशी सभा उठण्यापूर्वी ही यादी पूर्ण करून घ्या.